आरोग्यसेवेतील हातांसाठी हिऱ्याची अंगठी : चकाकीपेक्षा काढण्या-घालण्याची सोय महत्त्वाची

लखनौ : या शहराच्या जुन्या चौक भागात सराफा बाजार आणि किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ ही दोन्ही ठिकाणे एकमेकांपासून जवळच आहेत. एका ठिकाणी साखरपुड्याच्या अंगठ्या निवडल्या जातात, तर दुसऱ्या ठिकाणी पाळी सुरू होण्यापूर्वी त्या बोटातून उतरवाव्या लागतात. डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ, दंतवैद्य, भौतिकोपचारतज्ज्ञ किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्यासाठी हिऱ्याची अंगठी घेताना हा विरोधाभास आधी लक्षात घ्यावा लागतो. कामावर दिवसभर बोटात राहू शकेल अशी हिऱ्याची अंगठी शोधण्यात अनेक जोडपी वेळ घालवतात. रुग्णाला स्पर्श करणाऱ्या हातासाठी मात्र सहज उतरवता येणारी, सुरक्षित ठेवता येणारी आणि पाळी संपल्यावर निर्धास्तपणे पुन्हा घालता येणारी अंगठी हीच खरी व्यवहार्य अंगठी ठरते. आकार, कोंदण, धातू आणि खर्च यांविषयीचे निर्णय या एका सूत्रावरून घेतले, तर निवड पुष्कळ सोपी होते.

मराठी वाचकांना लखनौ परके नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या ५० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जात असल्याने महाराष्ट्रातील तरुण डॉक्टर उत्तर प्रदेशात आणि तेथील डॉक्टर महाराष्ट्रात शिक्षणासाठी जात असतात. ज्या संस्थेच्या इमारतीची कोनशिला डिसेंबर १९०५ मध्ये तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचे पंचम जॉर्ज, यांच्या हस्ते बसवली गेली, ते किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठ २०१२ पर्यंत काही वर्षे कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने, छत्रपती शाहूजी महाराज वैद्यकीय विद्यापीठ म्हणून, ओळखले जात होते. शहराच्या दुसऱ्या टोकाला रायबरेली मार्गावर संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्था आहे. निवासी डॉक्टर आणि परिचारिका यांच्या वयाचा विचार करता, अशा संस्थांमध्ये साखरपुड्याच्या अंगठीचा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो.

अंगठीखाली काय घडते?

हातांची स्वच्छता हा संसर्ग रोखण्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत प्रभावी उपाय मानला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी पाच प्रसंग निश्चित केले आहेत : रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, निर्जंतुक प्रक्रियेपूर्वी, शरीरद्रवांशी संपर्क येण्याची शक्यता असलेल्या कामानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि रुग्णाच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यानंतर. अल्कोहोलयुक्त द्रव हातांवर चोळण्यासाठी २० ते ३० सेकंद, तर साबण-पाण्याने हात धुण्यासाठी ४० ते ६० सेकंद द्यावेत, असे ही संघटना सांगते. अतिदक्षता विभागातील परिचारिकेला एका पाळीत ही क्रिया कितीतरी वेळा करावी लागते.

बोटात अंगठी असेल, तर तिच्याखालच्या त्वचेपर्यंत द्रव नीट पोहोचत नाही. तेथे ओलावा, मृत त्वचा आणि साबणाचा अंश साचतो. अंगठीखालच्या त्वचेवर शेजारच्या उघड्या त्वचेपेक्षा अधिक जिवाणू असतात, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राने २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या हात-स्वच्छतेच्या मार्गदर्शिकेत अशाच एका अभ्यासाचा उल्लेख आहे. त्यात ४० टक्के परिचारिकांच्या अंगठीखालील त्वचेवर ग्रॅम-निगेटिव्ह गटातील जिवाणू सापडले होते आणि काहींच्या अंगठीखाली तोच जिवाणू अनेक महिने टिकून होता. क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हे याच गटातले जिवाणू आहेत. अतिदक्षता विभागांत प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या संसर्गांच्या संदर्भात त्यांची नावे वारंवार ऐकू येतात.

एखाद्या ठरावीक अंगठीमुळे एखाद्या ठरावीक रुग्णाला संसर्ग झाला, असे सिद्ध करणे अवघड असते. म्हणूनच निरनिराळ्या देशांचे नियम कमी-अधिक कडक आहेत. तथापि, धोका कोणाच्या वाट्याला येतो हे ध्यानात घेतले, की सावधगिरीचे कारण स्पष्ट होते. अंगठी डॉक्टरची किंवा परिचारिकेची असते. परंतु तिच्याखाली दडलेल्या जिवाणूची झळ मुदतपूर्व जन्मलेल्या बाळाला, भाजलेल्या रुग्णाला किंवा केमोथेरपीने प्रतिकारशक्ती घटलेल्या व्यक्तीला बसू शकते.

जिवाणूंखेरीज आणखी दोन धोके आहेत. हिरा हा मोज यांच्या काठिण्यश्रेणीत १० व्या, म्हणजे सर्वोच्च, स्थानी आहे. नवजात अर्भकाच्या किंवा अतिवृद्ध रुग्णाच्या नाजूक त्वचेवर वर आलेल्या हिऱ्याचा कोपरा किंवा त्याला धरून ठेवणारा धातूचा काटा सहज ओरखडा उमटवतो. दुसरा धोका हातमोज्यांचा. तपासणीसाठी वापरले जाणारे हातमोजे अतिशय पातळ असतात आणि अंगठीचा काटा आतून त्यांना बारीक छिद्र पाडू शकतो. हे छिद्र अनेकदा डोळ्यांना दिसत नाही. मात्र त्यातून रुग्णाचे रक्त बोटापर्यंत पोहोचू शकते. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही या संसर्गांच्या बाबतीत हा धोका रुग्णाइतकाच अंगठी घालणाऱ्यालाही असतो.

नियम काय सांगतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये रुग्णसेवेच्या वेळी अंगठ्या व अन्य दागिने घालू नयेत, अशी ठाम शिफारस आहे. धार्मिक किंवा सांस्कृतिक कारणांमुळे अंगठी उतरवणे एखाद्याला फारच कठीण वाटत असेल, तर नित्याच्या सेवेत विवाहाचे साधे वळे चालू शकेल, एवढी सवलत त्यात दिलेली आहे. शस्त्रक्रियागृहासारख्या जोखमीच्या ठिकाणी मात्र सर्व अंगठ्या आणि दागिने काढलेच पाहिजेत. शस्त्रक्रियेपूर्वी हात धुण्याची तयारी सुरू करण्याआधीच अंगठी, घड्याळ आणि कंकणे उतरवावीत, असेही ही तत्त्वे सांगतात.

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २००७ मध्ये कोपरापासून खाली हात मोकळे ठेवण्याचे धोरण जाहीर केले. तेथेही सवलत मिळते ती साध्या, खडा नसलेल्या वळ्याला. भारतात हरियाणा सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये शासकीय रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांसाठी जाहीर केलेल्या पोशाख धोरणात जड दागिन्यांना मनाई केली. केंद्रीय आरोग्यसेवा महासंचालनालयानेही अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह यांसारख्या ठिकाणी कोपराखाली दागिने न घालण्याच्या सूचना दिल्या आहेत.

या नियमांत सवलत कोणाला आहे, हे नीट पाहिले पाहिजे. ती साध्या वळ्याला आहे, हिऱ्याच्या अंगठीला नाही. त्यामुळे कितीही सपाट, कितीही गुळगुळीत कोंदणात बसवलेला हिरा असला, तरी रुग्णसेवेच्या वेळी तो बोटात ठेवण्याची मुभा आपोआप मिळत नाही. 'परिचारिकांसाठी खास' अशा शब्दांत एखादी अंगठी विकली जात असेल, तर ग्राहकाने त्या शब्दांपेक्षा आपल्या रुग्णालयाच्या संसर्ग नियंत्रण समितीच्या नियमाला महत्त्व द्यावे. अंगठी निवडण्यापूर्वी हा नियम लेखी स्वरूपात पाहून घेणे हिताचे.

काम कोणते, त्यावर अंगठी

आरोग्यसेवा हा एकच व्यवसाय नाही. शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, प्रसूतिगृहातील परिचारिका आणि नवजात अतिदक्षता विभागातील कर्मचारी यांना दररोज अनेकदा अंगठी उतरवावी लागते. त्यांच्या बाबतीत हिऱ्याची अंगठी रुग्णालयात न नेणेच बहुधा सोयीचे ठरते. दंतवैद्य आणि त्यांचे सहायक हातमोज्यांविना कामच करू शकत नाहीत. भौतिकोपचारतज्ज्ञाचा हात सतत रुग्णाच्या त्वचेवर असतो, शिवाय अंगठी उपकरणात किंवा पलंगाच्या कठड्यात अडकून बोटाला गंभीर इजा होण्याची भीतीही असते. एमआरआय कक्षात कर्मचाऱ्यांनीही धातूच्या वस्तू बाहेर ठेवून येण्याची शिस्त पाळावी लागते.

याउलट औषध विक्री, अभिलेख, समुपदेशन, प्रशासन किंवा केवळ अहवाल वाचण्याचे काम करणाऱ्यांना रुग्णस्पर्श कमी असतो. त्यांना दिवसभर अंगठी वापरणे शक्य असते. निवासी डॉक्टरांची नेमणूक मात्र बदलत राहते. आज बाह्यरुग्ण विभागात असलेला डॉक्टर पुढच्या महिन्यात अतिदक्षता विभागात असू शकतो. म्हणून आजच्या नेमणुकीपेक्षा पुढच्या ५ वर्षांतील कामाचा विचार करून अंगठी निवडणे शहाणपणाचे आहे.

कोंदणाची निवड

अंगठी कामाच्या वेळी उतरवायचीच असेल, तर तिची घडण कशीही चालेल, असा समज होऊ शकतो. तो बरोबर नाही. रोज काढल्या-घातल्या जाणाऱ्या अंगठीवर एरवीपेक्षा अधिक ताण येतो. ती खिशात जाते, पिशवीत जाते, कपड्यांना अडकते, कधी फरशीवर पडते. शिवाय रुग्णालयाबाहेरही हात धुण्याची सवय सुटत नाही.

सर्वाधिक प्रचलित सॉलिटेअर अंगठीत हिरा ४ किंवा ६ काट्यांवर उंच बसवलेला असतो. सराफ त्यांना 'प्राँग' म्हणतात. या रचनेत हिऱ्यात चोहोबाजूंनी प्रकाश शिरतो आणि तो अधिक चमकतो, हे खरे. परंतु हेच काटे लोकरीत, केसांत आणि हातमोज्यांत अडकतात, कालांतराने झिजतात, आणि एक काटा वाकला तरी हिरा निसटू शकतो.

त्यामानाने हिऱ्याच्या संपूर्ण कडेभोवती धातूची पट्टी असलेले कोंदण, म्हणजे 'बेझल', अधिक टिकाऊ ठरते. त्यात अडकण्याजोगे टोक नसते आणि हिऱ्याच्या कडेचे रक्षण होते. हिरा कठीण असला तरी अभंग नसतो. विशिष्ट दिशेने आघात झाला तर तो तडकतो. त्यामुळे चौकोनी प्रिन्सेस, पानाच्या आकाराचा मार्क्विज किंवा थेंबाच्या आकाराचा पेअर या टोकदार आकारांपेक्षा गोल अथवा लंबगोल हिरा रोजच्या वापराला बरा. हिरा वळ्याच्या पृष्ठभागातच खोल बसवण्याची 'फ्लश' पद्धतही चांगली आहे. मात्र ती लहान हिऱ्यांना अधिक शोभते. अनेक बारीक हिरे शेजारी शेजारी जडवलेली 'पावे' रचना दिसायला मोहक असली, तरी तिच्या फटींत साबण आणि मलम साचते आणि एखादा बारीक हिरा केव्हा गळून पडला ते कळतही नाही.

उंचीचा हिशेब साधा आहे. चांगल्या प्रमाणात पैलू पाडलेल्या १ कॅरेटच्या गोल हिऱ्याचा व्यास सुमारे ६.५ मिलिमीटर आणि खोली ४ मिलिमीटरच्या आसपास असते. ०.३० कॅरेटच्या हिऱ्यात हीच मापे अनुक्रमे सुमारे ४.३ आणि २.६ मिलिमीटर इतकी उतरतात. लहान हिरा बोटाच्या जवळ बसवता येतो. मोठ्या हिऱ्याला जागा देण्यासाठी कोंदण उंच करावेच लागते. सतत हाताने काम करणाऱ्या व्यक्तीला पाव ते अर्ध्या कॅरेटचा हिरा म्हणूनच अधिक मानवतो.

लखनौच्या कुंदनकामाविषयी

अवधच्या अलंकारपरंपरेत कुंदन आणि मीनाकारी यांना मानाचे स्थान आहे. कुंदनाच्या पद्धतीतही खड्याभोवती काटे नसतात. शुद्ध सोन्याचा पत्रा दाबून खडा बसवला जातो. त्यामुळे बंद कोंदण हवे असलेल्या ग्राहकाला कुंदनाची अंगठी योग्य वाटण्याची शक्यता आहे. परंतु पारंपरिक कुंदनात खड्याची मागची बाजू बंद असते, तेज वाढवण्यासाठी खड्याखाली चकाकता वर्ख ठेवलेला असतो आणि पोकळीत लाख भरलेली असते. पाणी, साबण किंवा सॅनिटायझर वारंवार आत झिरपल्यास वर्ख काळवंडतो आणि खडा निस्तेज दिसू लागतो. कुंदनाचा दागिना समारंभासाठी उत्तम. ज्या हाताला वारंवार धुतले जायचे आहे, त्यासाठी मागून उघडे असलेले, सहज स्वच्छ करता येणारे बेझल अधिक योग्य.

धातू आणि त्वचा

२२ कॅरेट सोन्यात सुमारे ९१.६ टक्के शुद्ध सोने असते. ते मऊ असल्याने हिरा घट्ट धरून ठेवण्यास तितकेसे उपयोगी नाही. हिऱ्याच्या अंगठीसाठी ७५ टक्के शुद्धतेचे १८ कॅरेट किंवा ५८.५ टक्के शुद्धतेचे १४ कॅरेट सोने वापरले जाते. यांपैकी १४ कॅरेट अधिक कठीण असले, तरी त्यात अन्य धातूंचे प्रमाण जास्त असते. १८ कॅरेट हा बहुतेकांसाठी समतोल पर्याय होय. ९५ टक्के शुद्धतेचे प्लॅटिनम वजनदार असते. मात्र ते सहसा त्वचेला त्रास देत नाही आणि रसायनांपुढे चांगले टिकते.

वारंवार हात धुणाऱ्यांमध्ये त्वचेचा दाह सामान्य आहे आणि अंगठीखाली अडकलेला ओलावा तो वाढवतो. पांढऱ्या सोन्याच्या काही मिश्रणांत निकेल असते. निकेलची ॲलर्जी असणाऱ्यांनी पॅलेडियमयुक्त पांढरे सोने, पिवळे सोने किंवा प्लॅटिनम निवडावे. पांढऱ्या सोन्यावरील ऱ्होडियमचा मुलामा झिजतो आणि ठरावीक काळाने पुन्हा द्यावा लागतो, हा खर्चही आधीच गृहीत धरावा.

अल्कोहोलयुक्त सॅनिटायझरने सोने किंवा हिरा बिघडत नाही. खरा शत्रू क्लोरीन आहे. सांडलेले रक्त निर्जंतुक करण्यासाठी रुग्णालयांत वापरले जाणारे सोडियम हायपोक्लोराइट आणि घरातील ब्लीच सोन्यातील तांबे, चांदी, निकेल या मिश्रधातूंवर परिणाम करते. बारीक काटे आणि डाख दिलेले सांधे त्यामुळे ठिसूळ होऊ शकतात. हिरा शाबूत राहतो, पण त्याला धरणारा हातच दुबळा होतो.

टंगस्टन कार्बाइडच्या अंगठ्या ओरखडेविरहित म्हणून अलीकडे लोकप्रिय झाल्या आहेत. बोट सुजल्यास सोन्याची किंवा प्लॅटिनमची अंगठी नेहमीच्या उपकरणाने कापता येते. टंगस्टन कार्बाइड कापता येत नाही, ती दाब देऊन फोडावी लागते. आणीबाणीच्या विभागात काम करणाऱ्यांना या फरकाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

माप घेताना

सहज निघणारी, पण आपोआप न गळणारी अंगठी हवी असेल, तर माप घाईने घेऊन चालत नाही. लखनौच्या मे-जूनमधील कडक उन्हाळ्यात बोटे फुगतात आणि जानेवारीच्या थंडीत आकसतात. त्यामुळे माप दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी, शक्यतो संध्याकाळी घ्यावे. अंगठी बोटाच्या पेरावरून थोड्या अडथळ्याने, पण ओढाताण न करता निघाली पाहिजे. रुंद वळे अरुंद वळ्यापेक्षा घट्ट बसते, म्हणून ज्या रुंदीची अंगठी घ्यायची, त्याच रुंदीच्या मापाने मोजावे. वळ्याची आतली बाजू किंचित गोलसर आणि गुळगुळीत असल्यास अंगठी सरकवणे सुलभ होते.

बारा तासांच्या पाळीनंतर हात सुजतात, असा अनेकांचा अनुभव असतो. सकाळी सहज निघणारी अंगठी रात्री निघेनाशी होत असेल, तर ते माप बदलून घेणे आवश्यक आहे.

उतरवलेली अंगठी कोठे ठेवावी?

हात धुताना बेसिनच्या कडेवर 'क्षणभर' ठेवलेली अंगठी, गणवेशाच्या खिशात टाकून धुण्याला गेलेली अंगठी, हातमोज्यासोबत ओढली जाऊन कचऱ्याच्या पिशवीत गेलेली अंगठी : अंगठ्या हरवण्याचे हे नेहमीचे मार्ग आहेत. हातमोज्यासोबत गेलेली अंगठी जैववैद्यकीय कचऱ्यात पोहोचते आणि तो कचरा उपसून शोध घेणे धोकादायक असते. म्हणून अंगठी निवडतानाच ती कोठे ठेवायची हेही ठरवले पाहिजे.

सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे घर. ते शक्य नसेल, तर कुलूप असलेल्या कप्प्यात, चेनच्या छोट्या डबीत अंगठी ठेवावी आणि ती काढण्याची जागा व वेळ रोज एकच असावी. अंगठी साखळीत ओवून गळ्यात, कपड्यांच्या आत घालण्याचा मार्ग अनेक जण स्वीकारतात. बाह्यरुग्ण विभागात तो चालू शकतो. परंतु साखळी लोंबकळणार नाही आणि रुग्णालयाच्या नियमात ती बसते, याची खात्री करून घ्यावी लागते. शस्त्रक्रियागृहात तीही उतरवणे इष्ट. सिलिकॉनची अंगठी बोट अडकण्याच्या इजेपासून वाचवते. पण तिच्याखालीही ओलावा आणि जिवाणू साचतात, त्यामुळे अंगठीबंदीचा नियम तिलाही लागू होतो.

अनेकांना दोन अंगठ्यांचा मार्ग रुचतो. हिऱ्याची अंगठी घरासाठी व समारंभासाठी, आणि जेथे रुग्णालयाची अनुमती असेल तेथे कामाच्या दिवसांसाठी एक साधे, गुळगुळीत सोन्याचे वळे. हिऱ्याचा आकार थोडा कमी करून वाचलेल्या रकमेतून हे वळे घेता येते. जागतिक आरोग्य संघटनेची सवलतही अशाच वळ्याला आहे.

खर्च, हॉलमार्क आणि पावती

हिऱ्याचे मूल्य वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. मोठ्या हिऱ्याला प्रतिकॅरेट दरही अधिक लागतो. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. लहान हिरा घेतल्याने केवळ कोंदण बसके होते असे नाही, खर्चही बराच उतरतो. बेझल कोंदणात हिऱ्याची कड धातूखाली झाकली जाते, त्यामुळे कडेजवळचा सूक्ष्म दोष दिसत नाही. पिवळ्या सोन्यात किंचित पिवळसर छटाही खटकत नाही. अतिउच्च शुद्धतेसाठी जादा रक्कम मोजण्याची गरज अशा अंगठीत क्वचितच भासते.

प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा रासायनिक घटक आणि काठिण्य या दोन्ही बाबतींत खाणीतल्या हिऱ्यासारखाच असतो. त्याची किंमत बरीच कमी असते, तशीच पुनर्विक्रीची किंमतही कमी मिळते. रोज काढली-घातली जाणारी अंगठी हरवण्याची शक्यता अधिक, हे लक्षात घेता काही जोडप्यांना हा पर्याय पटतो. मात्र हिरा कोणत्या प्रकारचा आहे, हे पावतीवर आणि प्रमाणपत्रावर स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

१ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क असलेल्या सोन्याच्या दागिन्यावर अक्षरे व अंक मिळून ६ चिन्हांचा विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, आवश्यक करण्यात आला आहे. भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह, शुद्धतेचा निर्देश आणि हा क्रमांक या तीन खुणा अंगठीच्या आतल्या बाजूस पाहाव्यात. 'बीआयएस केअर' या ॲपवर क्रमांक पडताळता येतो. येथे दोन बारकावे आहेत. २ ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या वस्तूंना, तसेच कुंदन, पोलकी आणि जडाऊ दागिन्यांना हॉलमार्कच्या सक्तीतून सूट आहे. नाजूक, हलकी अंगठी निवडणाऱ्याने म्हणूनच शुद्धतेविषयी आवर्जून विचारणा करावी. दुसरे असे, की हॉलमार्क केवळ सोन्याची ग्वाही देतो. हिऱ्यासाठी स्वतंत्र प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे लागते.

पावतीत सोन्याचे निव्वळ वजन, शुद्धता, हिऱ्याचे वजन, घडणावळ आणि कर वेगवेगळे दाखवलेले असावेत. विमा घेताना घराबाहेर, कामाच्या ठिकाणी हरवलेल्या अंगठीला संरक्षण मिळते का, हा प्रश्न विचारावा. घरातील चोरीपुरताच मर्यादित असलेला विमा या व्यवसायातील व्यक्तीला फारसा उपयोगी पडत नाही.

निगा

हिऱ्याला पाण्यापेक्षा तेल आणि स्निग्ध पदार्थ अधिक चिकटतात. खाणींमध्ये हिरे वेगळे करण्यासाठी चरबी लावलेले टेबल वापरले जात असे, ते याच गुणधर्मामुळे. वारंवार हात धुऊन कोरडी पडलेली त्वचा मऊ ठेवण्यासाठी आरोग्यसेवक मलम लावतात आणि त्याचा थर हिऱ्यावर बसून तो मंद दिसू लागतो. कोमट पाणी, सौम्य द्रवरूप साबण आणि मऊ ब्रश एवढ्याने तो स्वच्छ होतो. बेसिनऐवजी वाटीत धुतल्यास अंगठी निचऱ्यातून वाहून जाण्याची भीती राहत नाही. मलम आधी लावावे, ते मुरल्यावर अंगठी घालावी. वर्षातून एक-दोनदा सराफाकडून कोंदण तपासून घ्यावे; कानाजवळ अंगठी हलकेच हलवल्यावर खुळखुळ ऐकू आली, तर ती तत्काळ दुरुस्तीला द्यावी. घरी अशी स्वच्छ केलेली अंगठी चकाकते. पण ती निर्जंतुक झालेली नसते, हे विसरू नये.

घरच्यांशी बोलणे

या सर्व तांत्रिक बाबींपेक्षा एक अडचण नाजूक असते. साखरपुड्यात सर्वांसमक्ष अनामिकेत घातलेली अंगठी दुसऱ्याच दिवशी बोटात दिसली नाही, तर घरातील वडीलधाऱ्यांना ते खटकते. नव्या नात्यातील मुलीला किंवा मुलाला त्याचे स्पष्टीकरण देणे संकोचाचे वाटते. काही वेळा हा संकोच इतका वाढतो, की नियम माहीत असूनही अंगठी हातमोज्याच्या आत तशीच ठेवली जाते.

याचा विचार खरेदीच्या वेळीच करणे उत्तम. दोन्ही कुटुंबांनी एकत्र बसून अंगठी निवडताना कामाचे स्वरूप समजून घेतले, तर पुढचे गैरसमज टळतात. सोनारानेच कान टोचावेत, असे मराठीत म्हणतात. रुग्णालयाचा लेखी नियम दाखवला, की हा विषय सून-जावयाच्या हट्टाचा राहत नाही. रुग्णाच्या उशाशी जाण्यापूर्वी अंगठी उतरवणे हा नात्याचा अनादर नाही, तो हातातील कामाचा आदर आहे, हे घरातील मोठ्यांनी स्वतःच बोलून दाखवले, तर नव्या जोडप्यावरचे ओझे हलके होते.

आजी-आजोबा, आई-वडील यांच्यापैकी कोणी अतिदक्षता विभागात असेल, तेव्हा त्यांच्या नाडीवर ठेवला जाणारा हात मोकळा आणि स्वच्छ असावा, अशीच प्रत्येक कुटुंबाची अपेक्षा असते. तीच अपेक्षा आपल्या घरातील डॉक्टरकडून आणि परिचारिकेकडून इतरांची असते. म्हणून सराफाच्या दुकानात हिरा पारखण्याआधी एक साधी परीक्षा घेता येईल : अंगठी बोटात घालावी, एका हाताने काढावी, डबीत ठेवावी आणि पुन्हा घालावी. हे दिवसातून दोनदा, अनेक वर्षे, कुरकुर न करता करता येईल असे वाटले, तर ती अंगठी त्या हातासाठी योग्य आहे.